शेठजींच्या घरचा फॉल्ट

काका,

अल्लीपूरच्या शेठजींच्या घरचा फॉल्ट दोन मिनिटांचा होता. खुर्चीवरून न उठता निघाला असता. त्याला दहा रविवार लागले. गाडीचं पेट्रोल, बदललेला राउटर, तिथं बसून प्यालेला चहा हे मी धरत नाही, ते धंद्यात जातंच. रविवार तेवढे धरतो, कारण ते माझे नव्हते. एका बापाचे आणि त्याच्या मुलीचे होते, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत की आणून परत द्यावेत. तुम्ही असता तर पहिल्याच रविवारी विचारलं असतं, "आपली बाजू पाह्यली का बे आधी?" पण तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि आता मला 'बे' म्हणणारं हिंगणघाटात कोणी उरलेलं नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टेलिफोन खात्यात तुमच्या मागं शिडी आणि तारेचं भेंडोळं घेऊन रोजंदारीवर फिरणारा मी आता स्वतःचं ऑफिस चालवतो. दोन खोल्या आहेत, एसी आहे, पण तो माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे. नागपूरच्या एका कंपनीकडून मोठी लाइन घेतो आणि ती फोडून गावागावात घरोघरी इंटरनेट देतो. तार आता तांब्याची नाही, काचेची आहे. केसासारखी बारीक, आत उजेड पळतो. तुम्हाला ती आवडली नसती, कारण तिला आवाज नाही. तुम्ही मला कान दिलेत आणि धंदा असा निघाला की ज्यात ऐकायला काही नाही.

कान तुम्ही कुठं दिलेत ते मला पक्कं आठवतं. टेलिफोनच्या क्वार्टरमधलं तुमचं स्वयंपाकघर. दुपार आहे, मी दाराशी पाटावर बसलो आहे, ताटात पोळी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी आहे, आणि काकू दुसऱ्या भाजीला फोडणी टाकतात. तेलात ओली मिरची पडते, चर्र होतं, आणि तुम्ही घास हातात धरून म्हणता, "आयक. जोडात पाणी शिरलं का लाइन अशी बोलते." मग चुलीजवळची तुऱ्हाटी, तुरीची वाळलेली काडी, कट्कन मोडून दाखवता. "आन् हे अशी. हा ढिला जोड." काकू म्हणतात, "जेवू द्या न त्याले, तुमची लाइन काही पळून नाई चालली." त्या दिवसानंतर मी फोन कानाला लावला की खांबावर चढायच्या आधी सांगायचो, फॉल्ट ओला आहे की कोरडा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आणि जिनिंगचा तो दिवस. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. जिनिंगमध्ये आपणच एक छोटा बोर्ड बसवून दिला होता, बाहेरून एकच नंबर आणि आत आठ टेबलांवर आठ फोन. तक्रार अशी की आतून बाहेर फोन लागतो, पण बाहेरून आलेला फोन कुठल्याच टेबलावर वाजत नाही. तुम्ही समुद्रपूरला गेलतात, म्हणून मी एकटाच गेलो. चार टेबलांवरचे फोन बदलले, भिंतीवरच्या डब्या उघडल्या, वायर नवी ओढली. संध्याकाळी तुम्ही सायकलवरून आलात, घाम पुसला आणि मुनीमजीसमोरच विचारलंत, "बोर्ड पाह्यला का?"

"नाई काका. बोर्ड तर आपणच बसवला हाये."

"मंग? आपण बसवला म्हणून तो बिघडत नाई काय?"

बोर्ड उघडला. आत मीच उलटी टाकलेली तारांची एक जोडी होती. बाहेरचा फोन बोर्डापर्यंत येत होता आणि कोणत्या टेबलावर जायचं ते न कळून तिथंच मरत होता. तुम्ही ती सरळ केली, आणि मी मनात म्हणत होतो की आता मुकाट निघू. पण तुम्ही मुनीमजीला सांगितलंत, "चूक आमची होती. तुमचे फोन चांगलेच होते." माझे कान तापले. परत जाताना सायकलवर मागं बसून मी विचारलं, सांगायची काय गरज होती, त्याला काय कळणार होतं? तुम्ही पायडल मारत म्हणालात, "तो रोज त्या फोनवर बोलते. फोन कायनं बंद होता हे त्याले माहीत पाह्यजे का नाई?"

खोटं कशाला बोलू, त्या वेळी ते मला पटलं नव्हतं. पण पुढं धंद्यात कळलं की लोक बिघाड माफ करतात, बनवाबनवी करत नाहीत. मग मी तेच धरलं. माझ्याकडं कामाला असलेल्या सगळ्यांना मी सांगतो की तीस वर्षांत, फॉल्ट खरा कुठं होता ते सांगितल्याशिवाय मी कोणाच्या घरची पायरी उतरलो नाही. आंजीपासून समुद्रपूरपर्यंत लोक मला ओळखतात ते त्यावर.

आता शेठजी. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. अल्लीपूरला धान्य-सरकीच्या दुकानात तुम्ही फोन बसवला तेव्हा गादीवर त्यांचे वडील होते आणि हे तिशीतले, बाजूला उभे. उन्हाचे दिवस होते. आतून एकच पेला पाणी आलं, ते माझ्यासाठी. तुमच्याकडं कोणी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काका, तुम्ही मागायला पाहिजे होतं, आणि तुम्ही म्हणालात, "तहान नाई लागली." मग चौकातल्या नळावर दोन्ही हातांनी भरपूर प्यालात. त्या घरातलं पुढचं मला तुम्हाला सांगायचं आहे. शेठजींची एकुलती मुलगी कॅनडात शिकायला गेली, तिथं नोकरीला लागली आणि तिनं लग्न केलं. मुलगा आपल्या जिल्ह्यातलाच, इंजिनिअर, तुमच्या समाजातला. शेठजी लग्नाला गेले नाहीत. शेठाणी आधीच वारलेल्या, त्यामुळं मधे बोलणारं कोणी नव्हतं. मुलगी फोन करायची, शेठजी 'बरं' म्हणायचे आणि ठेवायचे. तेवढं एक 'बरं'.

घरात तिच्या खोलीत तिचं गेम खेळायचं मशीन पडलं होतं, टीव्हीला जोडतात ते. एका रविवारी सकाळी शेठजींनी धूळ पुसता पुसता ते चालू केलं. त्यात तिचं खातं तसंच होतं. तिकडं कॅनडात तिला निरोप गेला की तुझ्या नावानं मशीन सुरू झालं आहे. तिनं तिकडून लिहिलं, 'कोण आहे?' टीव्हीवर ते उमटलं. शेठजींना उत्तर लिहायला अर्धा तास लागला, एकेक अक्षर बाणानं हुडकून. त्यांनी लिहिलं, 'मी.'

तिथून ते सुरू झालं. तिनं त्यांना वेगळं खातं काढून दिलं आणि एक शेतीचा गेम शिकवला. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, पीक काढून विकायचं. जन्मभर दुसऱ्याच्या शेतातला माल तोलणारा माणूस टीव्हीत शेती करायला लागला. दर रविवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडं शनिवारी रात्री, दोघं एकाच शेतात. शेत शेठजींच्या मशीनवर, ती तिकडून त्यात येणार. माइकवाला हेडफोन कानाला लावून बोलणं चाले, पण फक्त शेतीचं. "बाबा, डावीकडं वळा." "अवं, यात तूर काऊन नाई लावता येत?" "विदेशातला गेम हाये, बाबा." लग्नाचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. पण दोन-दोन तास. हे सगळं तुम्ही ओढलेल्या तांब्याच्या लाइनवर चाललं होतं, काका. धीमं, पण चाललं होतं.

मग गावातली तांब्याची लाइन बंद पडली आणि मी शेठजींकडं गेलो. मीच. म्हटलं, "शेठजी, फायबर घ्या, गेम पळल." गेम बाकी सगळा पळाला. मुलगी मात्र शेतात येईना. तिला तिकडून शेत दिसायचं, ती आत यायचा प्रयत्न करायची आणि मशीन म्हणायचं, जोडता आलं नाही. माइकही मुका. शेठजींनी मला फोन केला. आवाज नेहमीचा व्यापाराचाच, पण मी कानाचा माणूस आहे. माल तुटवड्याचा आहे हे माहीत असलेलं गिऱ्हाईक मुद्दाम सहज विचारतं ना, तसं ते सहज विचारत होते. "थो गेम जरा अडकून राह्यला. वेळ असला तं येजो."

पहिल्या रविवारी मी सगळं बंद करून चालू केलं. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की माझ्या राउटरच्या मागं त्यांचा जुना मोडेमचा डबाही लागलेला आहे, एकात एक अशी दोन फाटकं. जुना काढला, छाती फुगवून म्हटलं, "झालं शेठजी." नाही झालं. तिसऱ्या रविवारी मी गेमचे पोर्ट उघडले. पोर्ट म्हणजे राउटरमधली दारं, काका. बाहेरून येणाऱ्याला आत कोणत्या दारानं घ्यायचं ते राउटरला आकड्यांत सांगून ठेवायचं. मशीनला पक्का पत्ता दिला, आकडे तीनदा तपासले. मशीनवर तपासणी लावली की त्यात तोच लाल शब्द, 'स्ट्रिक्ट', म्हणजे दार बंद. चौथ्या रविवारी राउटर बदलला. आणि प्रत्येक वेळी शेठजी तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर माइक कानाला लावून बसलेले, टीव्हीत रिकामं शेत आणि उभा ट्रॅक्टर. मी तारा उचकत असताना ते अधूनमधून माइकमध्ये हळूच म्हणत, "आयकू येऊन राह्यलं का?" मग माझ्याकडं पाहून, "नाई येत." साडेनऊला माइक काढून ठेवत आणि मला म्हणत, "चहा घेऊन जा."

चौथ्याच रविवारी मला कळलं होतं. हे तुम्हाला सांगायचं होतं. नवा राउटर बसवला तेव्हा त्यावरचा बाहेरचा पत्ता, म्हणजे घराचा इंटरनेटवरचा नंबर, मी वाचला, तो दहानं सुरू होत होता. तसे पत्ते बाहेरच्या जगातले नसतात, ते घरातले असतात. ते मीच वाटलेले होते. चार वर्षांपूर्वी गिऱ्हाईक वाढलं, नागपूरकडून मिळालेले खरे पत्ते पुरेनात, तेव्हा मी अख्खं अल्लीपूर माझ्या ऑफिसातल्या मोठ्या राउटरमागं एकाच पत्त्यावर टाकलं. जिनिंगच्या बोर्डासारखं, काका. बाहेर एक नंबर, आत सगळं गाव. आतून बाहेर जाणाऱ्याचं काही अडत नाही. मालिका दिसतात, मोबाइल चालतो, कोणाला पत्ता लागत नाही. पण बाहेरून कोणी थेट घरात यायला निघालं की ते माझ्या ऑफिसपर्यंत येतं आणि कोणत्या घरी जायचं ते न कळून तिथंच मरतं. शेठजींच्या राउटरमध्ये मी शंभर दारं उघडली असती तरी फाटक माझं बंद होतं.

मग सहा रविवार आणखी काऊन गेलो, असं तुम्ही विचाराल. सांगायचं म्हटलं तर हे सांगावं लागलं असतं की 'प्रत्येक घराला स्वतंत्र लाइन' असं मी ज्या गावाला म्हणत आलो, त्या गावाला मी एका बोर्डामागं बसवलं आहे. शेठजींच्या दुकानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत चौकात पोचतं. आणि गुपचूप त्यांना वेगळा पत्ता द्यावा, तर शिल्लक एकच होता, तो मी एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवलेला. शिवाय मी मनात म्हटलं, म्हातारा माणूस, गेमच तर आहे, कंटाळेल. मी जाऊन यायचो म्हणजे निदान दुर्लक्ष केलं असं कोणी म्हणणार नाही. पेचकस घेऊन बसायचो आणि उघडलेलीच दारं पुन्हा उघडायचो. ते कंटाळले नाहीत.

दहाव्या रविवारनंतर सोमवारी कॅनडाहून फोन आला.

"काका, मी शेठजींची मुलगी बोलते. बाबांनी मले राउटरच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. पत्ता दहानं सुरू होते. खरं सांगा, मधात अजून एक राउटर हाये न तुमचा?"

"हो."

"अख्ख्या गावाले एकच पत्ता?"

"हो."

"मंग तुम्ही दर रविवारी बाबांच्या घरी काय करून राह्यले होते?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही. तीच पुढं बोलली. "मले त्यांना एक गोष्ट सांगायची हाये. फोनवर सांगतली तं ते 'बरं' म्हणतीन आन् ठेवतीन. तीन वर्षं मी ते 'बरं' आयकून राह्यली. हे मले त्या 'बरं'मधी नाई टाकायचं. गेममधी ते बोलतात. मी रविवारची वाट पाहून राह्यली, काका, अन् दिवस थांबत नाईत." बोलताना तिला मधे मधे दम लागत होता. जिना चढून आलेल्याचा दम लवकर बसतो. हा बसत नव्हता. माझ्या बायकोला दोन वेळा मी त्या दमानं बोलताना ऐकलं आहे. फोन ठेवला, मोठ्या राउटरसमोर बसलो आणि तो राखून ठेवलेला पत्ता शेठजींच्या घराला लावला. दोन मिनिटं म्हटलं, खरं तर तेवढीही लागली नाहीत.

अकराव्या रविवारी जायची गरज नव्हती, तरी गेलो. मशीनवर तपासणी लावली तर 'ओपन'. शेठजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. माइक कानाचा, पण आवाज त्यांनी टीव्हीवर मोठा करून ठेवलेला, त्यांना तसंच ऐकू येतं. आठला पाच मिनिटं कमी असताना टीव्हीतल्या शेतात एक बाई येऊन उभी राहिली आणि आवाज आला.

"बाबा, ट्रॅक्टर कुंपणात घालून ठेवला काय?"

"त्याले ब्रेक लागत नाई."

"तुम्ही दाबत नाई ब्रेक. थांबवा बरं त्याले."

"थांबवला."

"बाबा, तुम्ही आजोबा होऊन राह्यले."

मी दाराशी पेचकस घेऊन उभा. टीव्हीतल्या ट्रॅक्टरचं इंजिन नुसतं भुरभुरत होतं. शेठजींनी दोन्ही हातांतलं ते बटणांचं यंत्र मांडीवर ठेवलं.

"कितवा?"

"सातवा."

"सातवा? आन् आता सांगतं मले?"

"चौथ्यातच सांगणार होते, बाबा. लाइनच नव्हती."

शेठजींनी माइक तोंडाजवळ ओढला. मला वाटलं, आता ते 'बरं' म्हणणार. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "थो कुठी हाये? तुझा नवरा?"

"झोपले हायेत."

"झोपू दे. पुढच्या रविवारी त्यालेई बसवजो. ट्रॅक्टर येते का त्याले?"

"तुमच्यापेक्षा बरा येते."

त्यावर ते हसले, मग चष्मा काढला, आणि कोणाकडं पाहायचं ते न कळून माझ्याकडं पाहिलं. "कुठं होता गा फॉल्ट?" त्यांनी विचारलं. टीव्हीचा आवाज मोठाच होता, माइक चालूच होता. मी जे सांगितलं ते तिकडं तिनंही ऐकलं. तिकडून फक्त तिचा श्वास ऐकू आला, स्वच्छ, जराही खरखर नसलेला.

काका, हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि काकूही गेल्या, नाहीतर त्यांना वाचून दाखवलं असतं. शेठजींकडं द्यावं असं एकदा मनात आलं, दुकानापर्यंत खिशात घेऊन गेलो आणि तसंच परत आणलं. शेठजींच्या मुलीला मुलगा झाला. जावई आता रविवारी शेतात असतो, आणि शेठजी त्याला ओरडतात की नांगर सरळ धर. बाकीचं अल्लीपूर अजून त्या एका पत्त्यावरच आहे, नागपूरकडं मी जादा पत्ते मागितले आहेत. शेठजी दुकानात येईल त्याला सांगतात की फॉल्ट कंपनीचा होता, नागपूरचा, आणि यानं दहा रविवार घासून तो शोधून काढला. माझ्यासमोर त्यांनी ते दोनदा सांगितलं आहे. नागपूरचा होता हे त्यांना मीच सांगितलेलं आहे.